माझ्या नावाचं दुकान

सौंसरच्या शाळेत मी गणित शिकवलं, आणि शेवटची काही वर्षं कॉम्प्युटर. रिटायर झाल्यावर नागपूरच्या एका संस्थेतली मुलगी घरी आली. म्हणाली, "मॅडम, पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली काही निर्वासित कुटुंबं पांढुर्ण्याला राहतात. तिथल्या एका बाईंना मोबाइलवरून धंदा सुरू करून द्याल का?" मी लगेच हो म्हटलं. त्यात अवघड काय असणार?

दर रविवारी बसनं पांढुर्ण्याला जायला लागले. बाईंचं वय चाळिशीचं. नवरा नातेवाइकाच्या कापडदुकानात होता. दोन खोल्यांत बाई रल्ली शिवायच्या, म्हणजे आपली वाकळच, पण चिंध्या अशा कातरून जोडायच्या की रांगोळी काढल्यासारखी दिसावी. त्या मला 'अदी' म्हणायच्या. सिंधीत अदी म्हणजे बहीण.

पहिले तीन रविवार मी त्यांना मोबाइलवरची हिंदी अक्षरं शिकवली. पहिलीच्या पोरांना शिकवावं तसं, बोट धरून. हा क, हा ख. त्या निमूट गिरवायच्या. चौथ्या रविवारी मापं लिहून घ्यायची होती. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि उजवीकडून डावीकडे भराभर अर्धं पान भरलं.

"तुम्हाला लिहिता येतं?" मी विचारलं.

"अदी, मैं उधर स्कूल में टीचर थी. ग्यारह साल."

"मग सांगितलं का नाही?"

"आपने पूछा नहीं."

मोबाइलमध्ये सिंधी अक्षरं सापडली तेव्हा त्यांची बोटं माझ्यापेक्षा जोरात चालायला लागली. मी नेमकं काय शिकवायला आले होते, ते मलाच कळेनासं झालं.

पुढची अडचण वेगळी होती. विकायच्या ॲपनं ओळखपत्र मागितलं. त्यांच्याकडे व्हिसाचा कागद होता, तो ॲप घेईना. दोनदा भरला, दोनदा परत आला. संस्थेच्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "सध्या तुमच्या नावानं सुरू करा ना मॅडम." मी बाईंना विचारलं. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "जैसा आप ठीक समझो." मी ते होकार समजले.

फोटो मीच काढले. त्यांना स्वतःचा चेहरा नको होता, भाऊ अजून सिंधमध्येच आहे, त्याला त्रास नको म्हणून. त्यामुळे दुकानावर नाव माझं, आणि फोटोत फक्त वाकळा.

ऑर्डरी यायला लागल्या. एक दिवस बसमध्ये रामाकोन्याची जुनी सोबतीण भेटली, आम्ही एकाच शाळेत होतो.

"काय वो बाई, तुम्ही कवापासून वाकळा शिवून राहिल्या? माया सुनेनं मोबाइलात दाखवलं मले. लय सुंदर हायेत!"

"मी नाही शिवत," असं सांगायला तोंड उघडलं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, सिंध, व्हिसा, भाऊ. आणि खरं सांगायचं तर कौतुक बरंही वाटलं होतं. मी नुसती हसले. पांढुर्णा येईपर्यंत त्या हसण्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाईंच्या घरी गेले तर दारात चार गाठोडी बांधून ठेवलेली. ॲपवर तर एकच ऑर्डर होती. विचारलं तेव्हा कळलं, त्या सिंधीत आवाज रेकॉर्ड करून नागपूर, इंदूर, उल्हासनगरच्या नातेवाईक बायांना पाठवायच्या. प्रत्येक रल्लीचा नमुना कुठल्या गावचा, कोणाच्या आजीचा, असं सांगत. त्या बायांनी पुढे पाठवलं. शिवायला शेजारच्या दोघी हाताशी घेतल्या होत्या.

"अदी, वो मोबाइल वाली दुकान बंद कर दो."

"का? माझं काही चुकलं?"

"नहीं, नहीं. पर उस पर आपका नाम है."

चहा देताना त्या नेहमीसारख्याच होत्या. रागावल्या होत्या की नाही, मला सांगता येणार नाही. तिथंच बसून मी दुकान बंद केलं. परतीच्या बसमध्ये मला वाईट वाटत होतं आणि हलकंही. एकाच वेळी दोन्ही कसं, ते समजेना.

संस्थेच्या मुलीनं नंतर विचारलं, "मॅडम, मदत झाली ना? मला रिपोर्ट लिहून पाठवायचा आहे."

"धंदा सुरू झाला," मी म्हटलं.

"तुमच्यामुळे?"

मी म्हटलं, ते बाईंनाच विचार. तिनं विचारलंही. बाई काय म्हणाल्या ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. अजून महिन्यातून एखाद्या रविवारी पांढुर्ण्याला जाते. आता शिकवायला काही नसतं. त्या शिवत असतात, मी चिंध्या रंगाप्रमाणे लावून देते, आणि बरेचदा चुकीच्या लावते.