राऊतांचं शिकारी धनुष्य

नोकरीत असताना किस्सा घडायला निदान साहेब लागायचा. निवृत्तीनंतर एखादी नवी वस्तू घरात आली तरी पुरतं. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आम्ही तिघं संध्याकाळी बेटेगावला राऊतांच्या अंगणात बसतो. मी क्लार्क होतो, राऊत स्टोअरला आणि सातपाटीचा तांडेल डिस्पॅचला. राऊतांनी धनुष्य घेतलं तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय शिल्लक नाही.

*

राऊतांची रताळी रानडुकरं उकरायची. त्यावर उपाय म्हणून त्यांनी कंपाऊंड बो पसंत केला, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. तेही खास शिकारीचं.

मी म्हटलं, "राऊत, शिकारीला बंदी आहे."

"मी कुठे शिकार करतोय? मी फक्त शिकारीचं धनुष्य घेतोय."

तांडेल म्हणाला, "डुकरांना हे कळवलंय का तुमी?"

*

दुकानदाराने फोनवर हातांचं माप मागितलं. दोन्ही हात पसरून, या बोटापासून त्या बोटापर्यंत. राऊत थेट आपल्या शिंप्याकडे गेले. शिंप्याने माप घेतलं आणि सवयीने दोन्हीकडे चार-चार बोटं वाढवली. "अंगावर सैल बरं साहेब, धुतल्यावर आटतं."

धनुष्य आलं. मोजून पाहिलं, तर दोरी पूर्ण ओढल्यावर राऊतांचा हात कानामागे गेला असता. ते धुवायचं कसं, हे शिंप्याने सांगितलं नव्हतं. शेवटी चाकातला एक तुकडा सरकवून माप कमी करता येतं, हे आम्हाला माहितीपुस्तकात सापडलं.

*

माप कमी झालं, पण दोरी ओढायला जोर सत्तर पौंडांचा. "त्याहून कमी मागितला तर दुकानदार काय म्हणेल?" हा राऊतांचा हिशोब. तीन दिवस दोरी हलली नाही. राऊत मात्र सरकत होते.

तांडेल म्हणाला, "आमी जाळं ओढतो ते मासं येतात म्हणून. तुमच्या या दोरीला काय लागणार हाय?"

त्यानंतर रोज सकाळी, कोणी नसताना, जोर कमी व्हावा म्हणून राऊत धनुष्याचे वरखालचे बोल्ट थोडे थोडे सैल करू लागले. विचारलं तर म्हणायचे, "सेटिंग चालू आहे."

राऊतांच्या पत्नी सुलभावहिनी हे सगळं खिडकीतून पाहत होत्या. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत एक तरी बाण निशाण्यावर लागला पाहिजे. नाहीतर हे मी जावयाला देऊन टाकणार."

राऊतांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. जावई काहीही जपून वापरत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

*

निशाणा म्हणजे पेंढा भरलेलं गोणपाट, त्यावर कोळशाने काढलेलं डुक्कर. बाण मात्र डावीकडच्या चिकूत जायचे. म्हणून राऊत नेमाची पिन उजवीकडे सरकवायचे, आणि बाण आणखी डावीकडे जायचे.

शेजारी भाड्याने राहणारे दुबे कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं, "अंकल, तीर जिधर जाता है, पिन उधर ले जाइए."

"चूक होते तिकडेच आणखी जायचं?" राऊतांचा विश्वास बसेना.

माझा लगेच बसला. मी उभी हयात ऑफिसात काढली आहे.

*

दसरा उजाडला. शस्त्रपूजेत वहिनींनी चाकांना कुंकू लावलं आणि नेमाच्या पिनेवर झेंडूचं फूल खोचलं. त्या फुलामागे डुक्कर दिसेना, आणि पूजेचं फूल काढायची राऊतांची छाती होईना. शेवटी तांडेलने नमस्कार करून ते काढलं.

राऊतांनी दोरी ओढली. हात गालापाशी थांबला. तांडेल आणि मी मागे उभे. दुबे कुंपणापाशी, मुलगी आणि जावई ओट्यावर.

बाण डुकराच्या बरोबर खांद्यात रुतला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. राऊतांनी धनुष्य छातीशी धरलं आणि डोळे पुसले. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, गोणपाटापाशी जाऊन त्यांनी बाण हलवून पाहिला.

"लागला ना?"

"लागला," राऊत म्हणाले.

"झालं तर मग काम. आता द्या ते जावयाला."