जासूसबाई फसली तेव्हा

सिनेमात खून झाला की माझी बायको भाजी निवडायला घ्यायची. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावतात, ही मांडीवर ताट घेऊन मेथीची जुडी सोडायची. नजर पडद्यावर, बोटं मेथीत. इंटरव्हलपर्यंत जुडी संपलेली आणि खुनी सापडलेला. आमच्या कळसाडीहून शहाद्याच्या टॉकीजला जायचो, तिथेसुद्धा ती पिशवीत शेंगा घेऊन बसायची. सीटखालचा कचरा पाहून डोअरकीपर म्हणायचा, "कळसाडीनी जासूसबाई यी गयी वाटस." नाव त्याने पाडलं, गावाने धरलं, मग मीही तेच म्हणायला लागलो.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो ते तिची आठवण म्हणून, आणि एका माणसाचा सूड म्हणून. हे आधीच सांगतो, म्हणजे मागून कोणी मला म्हातारा भोळा आहे म्हणायला नको.

तिचं एक बोलणं होतं. "बोलस त्याले सोडा. जो नुसता आयकस, त्याकडे देखा." बोलणाऱ्याला सोडा, गुपचूप ऐकणाऱ्याकडे बघा. गावात पंपाची केबल चोरीला गेली तेव्हा पारावर सगळे आईबहिणीवरून भांडत होते. हिने कोपऱ्यात मान हलवत उभ्या असलेल्या एकाकडे बोट केलं. केबल त्याच्याच गोठ्यात निघाली. तेव्हापासून आमच्या ओट्यावर कोणी गप्प म्हणून बसेना. ही चहा ठेवायला आत गेली तरी माणसं बोलतच राहायची.

टॉकीज बंद पडली, तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. मुलगी रेखा सुरतेला दिलेली, तिने मोठा फोन पाठवला. त्यात जासूसबाईला जुन्या सिनेमावाल्यांचा एक ग्रुप सापडला. दर रविवारी दुपारी सगळ्यांनी आपापल्या घरी एकच सिनेमा एकाच वेळी लावायचा. ॲडमिन लिहायचा "चालू करा", की नागपूरपासून नाशिकपर्यंत सगळे चालू करायचे. इंटरव्हलला सिनेमा थांबवायचा आणि प्रत्येकाने आपापला खुनी लिहायचा, ही तिथली रीत. हिला लिहिणं जमेना, ती बोलून पाठवायची, तेही अहिराणीत. "डॉक्टरनी मारं. त्याना हात देखा, गिलास धरस कसा!" लोक हसायचे. शेवटी डॉक्टरच निघायचा. मग पुढच्या रविवारी लोक तिचा आवाज येईपर्यंत आपलं लिहायचे थांबायचे.

इथेच त्या ॲडमिनचं पोट दुखलं. पुण्याचा रिटायर साहेब. ग्रुप त्याने काढलेला, सिनेमे त्याने निवडायचे, आणि लोक वाट बघणार कळसाडीच्या बाईची. एका रविवारी त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "बाई सिनेमा आधी बघून ठेवतात आणि मग खुनी सांगतात. असा लबाडीचा खेळ इथे चालणार नाही." हिने लगेच बोलून पाठवलं, "साहेब, मन्हा गळानी आण, मी देखेल नही." दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर त्याने तिला काढून टाकलेलं.

त्याच महिन्यात तिच्या पोटात गाठ निघाली. नंदुरबारच्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरीच ठेवा. तिला न सांगताच कळलं, मी गप्प होतो ना. पण रडली ती गाठीसाठी नाही. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "दुखनं देवनी दिधं, ते भोगसू. पन हाऊ माले लबाड कसाले म्हनना?"

माझ्या डोक्यात तेव्हापासून तो माणूस बसला. मनात आलं, पुण्याला जावं आणि त्याच्या दारात उभं राहून त्याच्या बायकोसमोर त्याला लबाड म्हणावं. पण हिला सोडून जाणार कुठे? ग्रुपमधल्या धुळ्याच्या एका बाईंना हिचा लळा होता. त्यांनी मला आत यायची लिंक दिली. साहेबाला वाटलं, आला कोणी नवा म्हातारा. मी ठरवलं, हिच्याकडून सगळ्यांसमोर खुनी सांगवायचा. बरोबर निघाला की त्याचं तोंड काळं.

आणि बरोबर निघालाच पाहिजे, म्हणून त्या आठवड्याचा सिनेमा मी आधीच पाहून ठेवला. ती झोपलेली असताना, गोठ्यात बसून. लाज वाटली नाही. सिनेमात थंड हवेच्या गावातला एक बंगला, शेठ मेलेला, एक लंगडा मुनीम आणि शेठची विधवा बहीण. सगळा वेळ धाय मोकलून रडणारी ती बहीणच खुनी होती.

रविवारी फोन पिठाच्या डब्याला टेकवला, हिला पाठीशी उशा दिल्या. बोटांत जोर नव्हता तरी मेथीची चार पानं हातात ठेवली. इंटरव्हल झाला. ती म्हणाली, "मुनीम."

मी म्हटलं, "जरा ती बहीणकडे देख ना."

ती सिनेमाकडे बघायची सोडून माझ्याकडे बघायला लागली.

"रेखाना बाप, तुम्ही आधीच देखी लिधा ना?"

"छे! मी कसाले देखू?"

"खून व्हयना, तुम्ही दचकनात नही. दर बारीले मन्हा हात धरतस."

मी म्हटलं, "मग सांग बहीण. त्याची जिरव एकदाची."

"मन्हा खुनी मुनीम शे. तोच धाडा. मी बहीण सांगी तर तो साहेब खरा व्हयी आनि मी लबाड."

तिचा आवाज मी तसाच पाठवला. मुनीम. ग्रुपमध्ये धावपळ झाली, बाई आल्या, बाई आल्या. सिनेमा संपला, बहिणीला बेड्या पडल्या, आणि साहेबाने हसणाऱ्या तोंडांची रांग टाकून लिहिलं, "पकडल्या गेल्यावर आता चुकायला लागल्या." माझं डोकं फिरलं. एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, "सिनेमा नेटवर आहे. कोणीही आधी पाहू शकतो. मी पाहिला. तिला सांगत होतो, तिने ऐकलं नाही. लबाड असती तर चुकली असती का?" धुळ्याच्या बाईंनी खाली लिहिलं, "साहेब, आता तुमचं चुकलं म्हणा." बाकीच्यांनीही तेच लिहिलं. साहेबाने लिहिलं, "जाऊ द्या हो, खेळ आहे."

खेळ! हिने तो शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "चुकनं म्हननाच नही ना तो," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने सिनेमा लावा म्हटलं नाही. कापूस वेचायला आला त्या दिवसांत गेली. शेवटपर्यंत त्याचा निरोप आला का विचारायची, आणि मी नाही म्हणायचो.

निरोप आला तो ती गेल्यावर. धुळ्याच्या बाईंनी ग्रुपवर कळवलं, तर साहेबाने हिचा फोटो हार घालून टाकला. खाली लिहिलं, "आमच्या ग्रुपच्या लाडक्या सदस्या." मी लिहिलं, "सदस्या नव्हती. तू काढलं होतंस." मी ओळखलं, आता हा मला काढू शकत नाही. सगळे बघताहेत.

आता मी दर रविवारी सिनेमा चालू व्हायच्या आधी एकच ओळ लिहितो. "जासूसबाई लबाड नव्हती." तो पुसून टाकतो. मी परत लिहितो. मग सिनेमा चालू होतो. मी तो बघत नाही, माझं काम झालेलं असतं.

मागे त्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "आजोबा, किती दिवस चालणार हे? लोक कंटाळलेत."

"तुम्ही लिहा, मी बंद करतो."

"काय लिहू?"

"बाई खरी होती, मी खोटा. एवढंच."

"अहो, माझं वय बघा. चार लोकांत कसं लिहायचं?"

"तिला चार लोकांतच म्हटलं होतं ना?"

त्याने फोन ठेवला. लोक मला सांगतात, दादा, माफ करा, बाई तर गेली, आता कोणासाठी? मी माफ करणार नाही. सकाळी नदीपर्यंत चालून येतो, गोळ्या वेळेवर घेतो, तेल-तूप सोडलंय. रेखा सुरतेहून म्हणते, दादा, तब्येत छान सांभाळता हो. सांभाळणारच. तो साहेब लिहीपर्यंत मला मरता येत नाही.