विजयाचे रविवार

फोन तिच्याच नंबरवरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "काय गं, डबा विसरलीस ना?" डबा समोर ओट्यावरच दिसत होता. पलीकडून एक अनोळखी पुरुषी आवाज चाचरत म्हणाला, "सार, मॅडम गिर गया... आप जल्दी आओ." पीण्या या बेंगळुरूच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या कारखान्याजवळच्या इस्पितळात मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी निघताना ती दारातून आपल्या कन्नडमिश्रित मराठीत घाई करत ओरडली होती, "अहो, बेगा आवरा, प्लंबर यायचाय." आमच्या लग्नाच्या बायकोचं हे माझ्याशी शेवटचं वाक्य. प्लंबर येऊन नळ दुरुस्त करून गेलाही होता. तो नळ आता अजिबात गळत नाही.

विजया गेली त्याला आता दोनेक महिने होतील. घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं आणि मग हळूहळू रिकामं झालं. साताऱ्याहून माझी थोरली बहीण येऊन राहिली होती. ताईचा विजयावर फार जीव. परत जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "सगळं आयुष्य पोरीनं पुस्तकांत घातलं रे. नोकरी, कॉलेज, परीक्षा... तुम्ही दोघं कधी कुठे गेला नाहीत, आला नाहीत. आता कुठे बसून खायचे दिवस आले होते. शेवटी काय मिळालं तिला?" ताई हे मायेनंच बोलली, त्यात टोमणा नव्हता. मी नुसता "हं" म्हणालो आणि तिचं तिकीट शोधायला लागलो. त्या दिवसापासून तो प्रश्न घरात माझ्या मागे मागे फिरतोय. तिची ती वर्षं वाया गेली का? आणि तिच्याबरोबर माझीही? हा लेख म्हणजे ताईला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

मी साताऱ्याचा. एका सरकारी कारखान्याच्या हिशेब खात्यात चिकटलो आणि बेंगळुरूचा झालो. विजया मात्र इथलीच. तिच्या आजोबांच्या आधीपासून त्यांचं कापडाचं दुकान चिकपेटेत, घर दुकानाच्या वर. त्यांच्या घरचं मराठी ऐकून मी पहिल्या भेटीत गार झालो होतो. बघायच्या कार्यक्रमात सगळ्या मुली मान खाली घालून बसतात म्हणे. हिनं सरळ विचारलं, "ऊट झालं का?" जेवण झालं का, असं ती विचारत होती हे मला तिच्या भावानं समजावून सांगितलं. मी म्हणालो, झालं. ती म्हणाली, "सरी," म्हणजे बरं. एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. पुढे मी तिचं मराठी सुधारायचे बरेच प्रयत्न केले. ते सुधारलं नाहीच, उलट माझंच बिघडलं. परवा वाण्याकडे मी "स्वल्प कमी द्या" म्हणालो तेव्हा जाणवलं.

लग्नाआधीच तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि पीण्यातल्या एका लहानशा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती लागली होती. हुद्दा 'ड्राफ्ट्समन'. "यातलं 'मन' तेवढं खरं," असं मी चिडवायचो. तन्वी, आमची मुलगी, दुसरीत की तिसरीत असेल तेव्हाची गोष्ट. एकदा जेवता जेवता विजया म्हणाली, "मला तिसऱ्या चौकटीत जायचंय." मला वाटलं, ही काही कन्नड म्हण असावी. मग तिनं ओल्या बोटानं टेबलावर काढून दाखवलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन लहान चौकटी असतात. पहिलीत ज्यानं काढलं त्याची सही, दुसरीत ज्यानं तपासलं त्याची, तिसरीत ज्यानं मंजूर केलं त्याची. तिची सही इतकी वर्षं पहिल्या चौकटीत होती आणि डिप्लोमावर ती तिथेच राहणार होती. मालक भला माणूस होता, पण मोठी गिऱ्हाइकं तपासणाऱ्याची पदवी विचारत. "त्याचं तरी काय चुकलं?" ती म्हणाली. "पण अहो, मला तिथे पोचायचंय." तोवर टेबलावरच्या तिन्ही चौकटी वाळून गेल्या होत्या. मी म्हणालो, "मग जा की." आपण कशाला हो म्हणतोय याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या वर्गांचं एक इंजिनियरिंग कॉलेज तिनं शोधून काढलं. मेट्रो तेव्हा पीण्यापर्यंत आली नव्हती. कारखाना सुटला की बसनं कॉलेज, कॉलेज सुटलं की बसनं राजाजीनगरला घर. आठवडाभर आम्हाला ती येता-जाता दिसायची. अभ्यासाला उरायचा तो फक्त रविवार. म्हणून रविवार तिचा, आणि जेवणाचं टेबलही तिचं. आम्ही बापलेक स्वयंपाकघरात खाली बसून जेवायचो. तोवर मला चहापलीकडे काही येत नव्हतं. पहिल्या रविवारी मी केलेला उपमा तन्वीनं चमच्यानं उचलला तर तो ताटासकट वर आला. विजयानं मात्र तो पुस्तकावरची नजर न हलवता पूर्ण खाल्ला आणि "छान झालाय शिरा," म्हणाली. आम्ही दोघं इतकं हसलो की तिनं आम्हाला गच्चीवर पिटाळलं. पुढे मला जमायला लागलं. आमटी आणि सांबार यांच्या मधलं काहीतरी मी करायला लागलो आणि ते घरात 'बाबांचं पातळ' या नावानं मान्यता पावलं. खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. भाजी चिरत असताना शेजारच्या खोलीत कोणीतरी पानं उलटतंय, मध्येच स्वतःशी पुटपुटतंय... त्या आवाजाची मला सवय झाली.

दुसऱ्या वर्षी ती गणितात नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. त्यात तन्वीला गोवर निघाला. त्या रविवारी विजयानं पुस्तकं गोळा केली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. "सोडते मी. पोरीला आई नको का? तुम्हाला बायको नको का?" रडत नव्हती, पण रडली असती तर बरं झालं असतं असा तिचा चेहरा होता. मला समजुतीच्या गोष्टी सांगता येत नाहीत. मी म्हणालो, "सोड हवं तर. पण मग रविवारी स्वयंपाकघर मागशील, आणि ते मी काही परत देणार नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि मग खरोखरच रडली. तन्वी अंथरुणातून म्हणाली, "आई, तू अभ्यास कर. बाबांचं पातळ बरं असतं." आजारी माणसाचं मत म्हणून ते मानलं गेलं. तिसऱ्या खेपेला गणित सुटलं.

पदवी मिळाली तेव्हा मी हुरळून जाऊन चिकपेटेत दारावरची पाटी करायला टाकली. दोघांची नावं, आणि तिच्या नावापुढे 'बी. ई.' पाटी आली ती पितळेची, घसघशीत, आणि बी. ई. माझ्या नावापुढे! कारागिरानं कागदावरची चूक आपणहून सुधारली होती. मी परत द्यायला निघालो तर विजया पोट धरून हसत होती. "होगली बिडी! जाऊ द्या, घरात एक इंजिनियर आहे ना, कुठला का असेना." आणि हट्टानं तीच पाटी लावली. मग काय, इमारतीचा पंप बंद पडला की शेजारचे माझ्याकडे. "सार, तुम्ही इंजिनियर, स्वल्प बघा की." मी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायचो, "एक मिनिट," म्हणून आत जायचो, तिला विचारायचो आणि बाहेर येऊन सांगायचो. बी. कॉम.वर असा मान कोणाला मिळाला नसेल. पुढे घराला रंग देताना ती पाटी निघाली ती निघालीच.

पदवीनं ती दुसऱ्या चौकटीत गेली. तिसरीत सही करणाऱ्यानं मात्र ड्रॉइंगबरोबर माणसंही सांभाळायची असतात, गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं. "मग तेही शिकून घेते," असं म्हणून तिनं शनिवार-रविवारच्या मॅनेजमेंटच्या पदवीला नाव घातलं. या खेपेला मला कोणी विचारलंसुद्धा नाही. वर्गात सगळी कोरमंगल्याची पोरं, पीजीत, म्हणजे भाड्याच्या खोल्यांत राहणारी, रात्रंदिवस लॅपटॉपवर. त्यांतला निखिल नागपूरचा. रविवारी दुपारी वर्ग सुटला की तीन-चार जण आमच्या टेबलाशी येऊन बसायचे, अभ्यासाला म्हणून आणि जेवायला म्हणूनही. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "तुम्हाला काकू म्हणू की अक्का?" विजया म्हणाली, "अक्काच म्हण रे. काकू म्हटलंस की मला माझं वय आठवतं." तेव्हापासून "अक्का, ये inventory वाला चॅप्टर एकदा explain करा ना, please," आणि हिचं "सरी, आधी ऊट कर, मग सांगते," असं चालायचं. निखिल ताट घेऊन आत माझ्याकडे यायचा. मी विचारायचो, "कळतंय का रे काही?" तो म्हणायचा, "काका, अक्कांचं मराठी कळायला लागलंय, आता management पण कळेल." एवढ्या सगळ्या विषयांत वेळेच्या नियोजनाचा तेवढा एकच निबंध तिला मुदतीत देता आला नाही. मी ते इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

आणि मग ती तिसऱ्या चौकटीत गेली. त्या संध्याकाळी मी उत्साहानं दारातच विचारलं, "कसं वाटलं?" तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "आजवर चुकलं तर माझ्या पुढे कोणीतरी बघणारं होतं. आता माझ्या पुढे कोणी नाही." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "पण सही बरी आली." तिचं ते "बरी आली" मला फार आवडलं होतं. तेव्हा मी तिला तसं म्हणालोही.

सगळ्या परीक्षा संपल्यानंतरचा पहिला मोकळा रविवार आम्ही साजरा करायचा ठरवला. लालबागेत गेलो, इडली-वडा खाल्ला, एका बाकावर बसलो. झाडं पाहिली. पुन्हा तीच झाडं पाहिली. "आता काय करायचं हो?" तिनं विचारलं. एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस समोर होता आणि आम्ही दोघं परगावच्या स्टेशनवर उतरल्यासारखे बसलो होतो. दुपारच्या आत घरी आलो. तिनं टेबलाशी बसून वर्तमानपत्र उघडलं आणि पेन्सिल घेऊन त्यातल्या अग्रलेखाखाली रेघा मारायला लागली. मी आत जाऊन डाळ शिजत लावली. थोड्या वेळानं बाहेरून हाक आली, "अहो, आपण चुकलो काय? संपवायला नको होतं!" त्यानंतरचे सगळे रविवार तसेच गेले. ती टेबलाशी काहीबाही वाचणार, मी स्वयंपाकघरात. फिरायला गेलो नाही हे ताईचं खरं आहे. आम्हाला जावंसंच वाटलं नाही.

तन्वी आता कोरमंगल्याला राहते. दर रविवारी येते. गेल्या रविवारी भात लावून मी भाजी चिरत होतो, ती ओट्याला टेकून उभी होती, आणि मला राहवलं नाही. ताईचा प्रश्न मी तिला सांगितला. म्हणालो, "तुला काय वाटतं? तुझ्याही वाटणीचे रविवार होते ते." ती म्हणाली, "बाबा, मला किती मोठी होईपर्यंत वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. रविवारी आई अभ्यास करते आणि बाबा भात लावतात. एका मैत्रिणीकडे राहायला गेले तर तिची आई नुसती टीव्ही बघत बसलेली. मला वाटलं, हिची आई आजारी आहे." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिनं डोळ्यांना ओढणी लावली. मलाही हसू येत होतं आणि पुढचं नीट दिसत नव्हतं.

त्या नादात कुकरकडे माझं लक्ष राहिलं नाही. विजया गणितं सोडवत असली की शिट्टीनं दचकायची, म्हणून वाफ सुरसुरायला लागली की शिट्टीच्या आधी गॅस बारीक करायचा, हे माझ्या हाताला इतकं बसलंय की तिच्यामागेही मी रविवारी शिट्टी होऊ दिलेली नाही. या वेळी झाली. घरभर घुमली. मी झटकन गॅस बारीक केला आणि तसाच शेजारच्या खोलीतल्या तिच्या टेबलाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "सॉरी गं, सॉरी... तू वाच."