सावंतांची चौकशी

हसणार असाल तर हातातला कप आधी खाली ठेवा. असा गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला, पण केला तो पुरेपूर.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. घाटकोपरला आमच्या भिंतीपलीकडचं जोडपं रोज सकाळी भांडायचं, आणि आमची साडेतीन वर्षांची पिंकी त्यांच्या शिव्या बालवाडीत म्हणून दाखवायची. शेवटी नाहूरला भाड्याचा एक ब्लॉक पाहिला. दुसरा मजला, हवा झकास. एजंट म्हणाला, "शेजारचे सावंत म्हणजे देवमाणसं."

सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, एजंटाचं काय ऐकता? तिथल्या भाडेकरूंना विचारून या. भिंतीपलीकडची माणसं कशी आहेत एवढं कळलं तरी बास."

रविवारी गेलो. इस्त्रीचा शर्ट, हातात डायरी. तळमजल्यावर कांबळेकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावरचे सावंत कसे आहेत हो?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चौकशीला आलात?"

"हो, चौकशीलाच."

वाट लागली ती इथेच, आणि मला पत्ताच नाही.

काकूंनी ताट बाजूला ठेवलं. "भाऊ, सोन्यासारखी माणसं. त्यांचा अशोक तर हिरा. बँकेत आहे. कसलं व्यसन नाही, कधी कुणाशी वरच्या आवाजात बोलला नाही."

मी डायरीत लिहिलं, 'आवाज नाही.' पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनीही तेच सांगितलं, वर "पोरगा कलावंत आहे" अशी पुस्ती जोडली. तेही लिहिलं.

तोवर बातमी माझ्या आधी जिना चढली होती. सावंतकाकू दारात पदर सावरत उभ्या. "येवा, बसा."

कांदेपोहे आले, लाडू आले. मी मनात म्हटलं, राहायला यायच्या आधीच एवढी माणुसकी?

"मुलगी काय करते?" काकूंनी विचारलं.

"बालवाडीत जाते."

"अरे वा. म्हणजे लहान मुलांची आवड दिसते."

"खूप. त्यांच्यातच रमते."

"घरकामात कशी आहे?"

"छे हो, नुसता पसारा करते. आई मागून आवरत फिरते."

"शिकेल हळूहळू," काकू म्हणाल्या. "उंची किती?"

मी बसल्या जागी जमिनीपासून दोन-अडीच हातांवर तळवा धरून दाखवला. "एवढी."

नेमका त्याच वेळी तोंडाला पावडर लावलेला अशोक बाहेर आला. माझ्याच वयाचा, मिशीवाला. तो माझ्या पाया पडायला वाकला आणि माझा हात बघून तसाच वाकलेला राहिला.

सावंतकाकांनी पेपर खाली घेतला. "वय काय म्हणालात?"

"साडेतीन."

मग सावंतकाकू "अगे बाय माझे" म्हणत पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या, त्या थांबेनात. मी कशाला आलो होतो ते सांगितलं, तर अशोक पळाला आणि आतल्या खोलीतून त्याचंही हसणं ऐकू आलं. लाजेने मी उठायला लागलो. काकूंनी खांदा दाबून बसवलं आणि आणखी पोहे वाढले. म्हणाल्या, "स्थळ नाही तर नाही, शेजारी तरी मिळालो."

अशी माणसं सोडतो होय मी? संध्याकाळीच ब्लॉक पक्का केला.

राहायला गेलो. पहिल्याच पहाटे, पाच वाजता, भिंतीपलीकडे ढोलकी सुरू झाली. ढोलकी म्हणजे कशी? खिळ्यावरचं कॅलेंडर खाली आलं. पिंकी गादीवर उभी राहून नाचायला लागली. अशोकचा रोजचा रियाज होता तो. सुनंदाने पडलेलं कॅलेंडर उचलून माझ्या हातात दिलं.

उजाडल्यावर तडक खाली गेलो. "काकू, ढोलकीचं काही बोलला नाहीत ते?"

कांबळेकाकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "भाऊ, मुलीकडच्यांना असलं कुणी सांगतं का? पोराचं स्थळ मोडलं असतं. ब्लॉक बघायला आलोय म्हणाला असतात, तर मीच तुम्हाला इथून पळवून लावलं असतं."