दसऱ्याला नाहीसं झालेलं पान

भाड्याच्या जागेवर माझा विश्वास नाही. भंडाऱ्यातलं माझं पितळी भांड्यांचं पहिलं दुकान भाड्याचं होतं. गिऱ्हाईक जमलं तसं मालकानं मला बाहेर काढलं आणि तिथे आपल्या भाच्याला बसवलं. तो राग अजून उतरलेला नाही. त्यामुळे घरचे फोटो, कॅमेऱ्यांचं चित्रण, मालाचा हिशेब हे सगळं कुठल्याशा कंपनीकडे महिन्याच्या भाड्यानं ठेवायचं, हे मला ऐकूनही घ्यायचं नव्हतं. बंद पडलेल्या एका शिकवणीवर्गाचा जुना कॉम्प्युटर मी घासाघीस करून उचलला आणि घरीच सर्वर केला. फोटो आणि कॅमेरे व्हिडिओ पाहून मीच जोडले.

राहिलं होतं ते एक पान. पवनीचं दुसरं दुकान बायको सांभाळते. मोबाइलवर ते पान उघडलं की कॅमेरे, माल, फोटो असे चौकोन तिच्यासमोर यायला हवे होते. तिनं त्यासाठी भावाला बोलावलं. माझा हा साळा जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. सरकारी पगार सुरू झाल्यापासून त्याला जगातलं सगळं कळतं.

"भाऊजी, तुमी भांडे इका. हे कंटेनरचं काम हाय," असं म्हणून त्यानं मला खुर्चीवरून उठवलं. कंटेनर म्हणजे प्रोग्रामचा झाकणबंद डबा, एवढं मलाही ठाऊक होतं. साहेबांनी मोबाइलमध्ये बघून हुकमाची एक ओळ सर्वरवर उतरवली, पान सुरू करून दिलं आणि मेहनतीची म्हणून पितळेची घागर काखेत मारून गेले.

दसऱ्याला आमच्याकडे वजनकाट्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळं पुसून पूजेला मांडतात. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. मी सर्वर रीतसर बंद केला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी सुरू केला आणि पवनीहून फोन आला.

"अवो, ते पान काहीच दिसून नाही राहिलं."

फोटो, कॅमेरे शाबूत होते. त्यांच्यापर्यंत नेणारं पान मात्र समूळ गेलं होतं. बायकोनं सरळ सांगितलं, "रविवारपावतो नीट नाही झालं तं भाऊ म्हणते ते कंपनीवालं घेऊ. मले रोजची कटकट नाही पायजे."

म्हणजे पुन्हा भाडेकरू.

रविवारी साळेबुवा आले, ते हसतच.

"सर्वर कोणी बंद करते का, भाऊजी?"

"तुमच्या कारखान्यात मशीन चालू ठेवून हळद लावता का रे? बोटं हायेत ना जाग्यावर?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी त्याची ओळ त्याच्यासमोर धरली. थांबल्याबरोबर डबा फेकून दे, असा हुकूम त्यानंच तिच्यात उतरवला होता, आणि पानाची सगळी मांडणी डब्याच्याच पोटात होती.

"हे कायले टाकलं?"

"सफाई राहाते, भाऊजी. फालतू डबे जमत नाहीत."

"सफाई! घरचं सामानच झाडून नेलं तू!"

पान मी आदल्या दिवशीच नव्यानं उभं केलं होतं. फेकण्याचा हुकूम काढला आणि मांडणी डब्याबाहेर, सर्वरच्या माझ्या फोल्डरमध्ये ठेवली. पण बायकोला तोंडाच्या वाफेवर काही विकता येत नाही. म्हणूनच दुकान तिच्याकडे आहे. तिनं आपल्यासमोर सर्वर बंद करायला लावला. डबाही काढून टाकायला लावला, नवा घालायला लावला आणि मोबाइल हातात धरून उभी राहिली. एकेक करून सगळे चौकोन आले. पवनीचं दुकान दिसलं.

"कंपनीवालं राहू दे," ती भावाला म्हणाली. "बस, चहा ठेवतो."

दोन कप चहा पिऊन तो गेला. भाऊजींचं घरचं सगळं मीच लावून दिलं, असं तो आजही क्वार्टरमध्ये सांगत फिरतो. आणि लोक त्याच्याकडून अशी पानं बसवून घेतात.