लोकर बाहेर ठेवा

माणसापेक्षा मोटारीला थंडी जास्त वाजते, असं छातीवर हात ठेवून सांगणारा एकच माणूस मी उभ्या जन्मात पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. ग्वाल्हेरच्या पौषात नळाला हात लावायचा तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. त्या दिवसांत आतोबांनी घरातल्या सहाच्या सहा रजया एका मोटारीवर घातल्या होत्या आणि आम्ही माणसं सतरंज्या पांघरून निजत होतो. आत्या कुरकुरली की म्हणायचे, "अगं, तुला थंडी वाजली तर तू सांगू तरी शकतेस. तिनं कुणाला सांगायचं?" मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि पाटणकर बाजाराच्या मागे आत्याकडेच राहत होते, त्यामुळे हे सगळं मी नुसतं पाहिलेलं नाही, सतरंजीखाली कुडकुडत सोसलेलं आहे.

आतोबा संस्थानच्या मोटारखान्यात मोटारी रंगवत. तीस वर्षं रंगवल्या, आणि त्याही ब्रशाने. पिचकारीने उडवलेल्या रंगाला ते रंग मानतच नसत, "ती शिंक आहे" म्हणत. नई सडकेवरून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच. रस्त्यात कुणाचीही मोटार उभी दिसली की हा गृहस्थ तिच्या दारावरून बोटाची पाठ फिरवायचा, मान हलवायचा आणि मालकाच्या देखत म्हणायचा, "रंगाचे दोनच हात दिलेत. फसवलं बिचाऱ्याला." आमच्या चुलतबहिणीला बघायला मुलगा आला तेव्हा सगळे मुलाकडे बघत होते आणि हे बाहेर त्याच्या मोटारीकडे. नंतर मत विचारलं तर म्हणाले, "मुलगा बरा वाटून राहिला, पण मडगार्डावर रंगाचा ओघळ आहे. घरात घाई फार असणार." लग्न झालं. घरात घाई फारच होती, हे बहीण आजही सांगते.

तर संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि माणसांची नव्याने वाटणी सुरू झाली. दरबारच्या जुन्या दप्तरात मोटारखान्यातली ड्रायव्हर सोडून सगळी माणसं 'शागिर्दपेशा' या एकाच सदरात लिहिलेली होती. पाणी भरणारा त्यात, गाड्या पुसणारा त्यात आणि आतोबाही त्यातच. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, कारण कोण काय करतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या कचेरीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिने शागिर्दपेशा म्हणजे चपराशी असा सरळ अर्थ लावला, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आतोबांच्या हातात कागद आला की तुम्हाला चपराशी म्हणून सामावून घेण्यात येत आहे. पगारात फरक नव्हता. पण ते तो कागद घडी घालत आणि उलगडत बसून राहिले. "या हातांनी मी फायली उचलू?" एवढं एकदाच म्हणाले, आणि मग चार दिवस मोटारीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. आत्या मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "पोरी, काही तरी कर. हे असे गप्प राहिले तर मला भीती वाटते."

मी अर्ज लिहिला. उत्तर आलं की रंगकामाचा दाखला जोडावा. दाखला कुठला असायला? मी दुसरा अर्ज लिहिला, तिसरा लिहिला, शेवटी कचेरीने कंटाळून कळवलं: खात्याची एक जुनी मोटार देतो, दहा दिवसांत रंगवून दाखवा, साहेब स्वतः येऊन बघतील. मोटारखान्याच्या जागेत आता दुसऱ्या खात्याची कपाटं भरली आहेत, तेव्हा काम आपल्या जागेत करावं. आणि मुदत संपत होती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन थंडीत, जेव्हा रंग डब्यातून बाहेर यायलाही तयार नसतो. मी म्हटलं, आतोबा, मुदत वाढवून मागू. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी प्रथमच उजळलेला होता. "नको गं. ते परत विचारात पडून जातील."

आत्याच्या घराला जुनी पागा होती. आतोबांचे पणजोबा शिलेदार होते तेव्हाची. घोडे कधीच गेले होते, आत गोवऱ्या आणि गणपतीचं मखर होतं. ते काढून मोटार आत घेतली, आणि घराचा सगळा कारभार तिच्या हाती गेला. पहाटे बंब पेटायचा तो रंगासाठी. रंगाचे डबे गरम पाण्यात बसवायचे, रंग सैल झाला की मग उरलेलं पाणी माणसांना. आधी रंगाची आंघोळ, मग आमची. पागेत दोन शेगड्या नेऊन तासभर खोली तापवायची, शेगड्या बाहेर काढायच्या, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची, आणि मगच डबा उघडायचा. विस्तव आणि रंग यांची गाठ आतोबांनी कधी पडू दिली नाही. रात्री पत्रा गार पडू नये म्हणून रजया मोटारीवर, आणि रंगाचा हात दिला की त्याच रजया दाराखिडक्यांवर बाहेरून. थोडक्यात, आमच्यावर कधीच नाही.

आणि सगळ्यात कडक नियम लोकरीचा. ओल्या रंगावर लोकरीचा एक तंतू पडला तर जन्मभर दिसतो, म्हणून पागेत शिरणाऱ्याने स्वेटर, शाल, मफलर, कानटोपी सगळं उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं. बाहेर दात वाजताहेत आणि हे दारातून ओरडताहेत, "लोकर बाहेर ठेवा." दूधवाल्याने नुसतं कुतूहलाने डोकावलं तर त्याची घोंगडी उतरवली. स्वतः ओलसर पंचा आणि बनियन घालून आत. थंडी नाही का वाजत, विचारलं तर म्हणायचे, "हात चालतोय तोवर नाही." त्यांचा तो चालणारा हात बघण्यासारखा होता खरा. पत्र्याच्या खाचांत लांबी भरायची, घासायचं, रंग द्यायचा, पुन्हा घासायचं. आणि शेवटचा काळा हात दिला तेव्हा मोटारीच्या दारात माझा चेहरा मला आरशापेक्षा बरा दिसला.

संक्रांत आली. आत्याला पहिल्या दिवसापासून एकच घोर होता, की हे काम पौषात सुरू झालंय. सकाळी सुगडं पुजून झाली आणि तिला राहवलं नाही. हळदीकुंकवाची कोयरी घेऊन ती पागेत गेली आणि नव्या वस्तूला लावतात तसं मोटारीच्या बॉनेटला कुंकू लावलं. रंग वरून वाळलेला होता, आत थंडीने कच्चाच. कुंकू तर लागलंच, पण बॉनेटच्या बरोब्बर मध्यावर तिचा अंगठाही उठला, रेघांसकट. कुंकवाचा अंगठा तसाच पुढे धरून ती माझ्याकडे आली. "मी त्यांची नोकरी बुडवली गं," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. त्यावर हार घालून झाकू, इथपर्यंत माझी अक्कल चालली. पण आत्या उठली आणि स्वतःच जाऊन सांगून आली.

आतोबांनी वाकून तो अंगठा तिरप्या उजेडात पाहिला. मी दारात, आत्या भिंतीला टेकलेली. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "आत येताना शाल अंगावर होती का?"

"नाही," आत्या म्हणाली. "बाहेर काढून ठेवली होती."

"मग ठीक आहे," आतोबा म्हणाले. "आता मोटारीला हात नका लावू. बिघडून जाईल."

दुसऱ्या दिवशी दहाला साहेब आले. तरुण होते, बाहेरच्या गावचे, अंगावर जाड ओव्हरकोट, गळ्यात मफलर, बरोबर कारकून. पागेच्या दारात आतोबा आडवे. "साहब, कोट बाहर." कारकून हबकला. साहेबांनी एकदा आतोबांच्या बनियनकडे पाहिलं आणि मुकाट्याने कोट, मफलर, स्वेटर उतरवून कारकुनाच्या हातात दिलं. मग ते मोटारीभोवती फिरले, दारावर वाकले, मडगार्डाखाली बोट फिरवून आले आणि बॉनेटपाशी थांबले.

"ये क्या है?"

आतोबा म्हणाले, "घरवाली का अंगूठा है, साहब. टीका लगाया उसने. रंग कच्चा था, मुझे बताना चाहिए था. गलती मेरी."

"ठीक हो जाएगा?"

"हो जाएगा. चार दिन दीजिए. ठंड है."

"वो तो मालूम पड़ रही है," साहेब म्हणाले. त्यांच्या दाढा वाजत होत्या. त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं, त्यात त्यांचा स्वतःचा काकडलेला चेहरा स्वच्छ दिसत होता. मग कारकुनाला म्हणाले, "इनको चपरासी किसने लिखा? काटो. पेंटर लिखो. और मेरा कोट लाओ."

साहेब गेल्यावर आत्या देवापुढे बसली ती उठेचना. मी खुशाल रडून घेतलं. दहा दिवसांची थंडी जणू एकदम अंगातून गेली. आणि आतोबा? ते पागेच्या उंबऱ्यावर उन्हात बसल्याबसल्या झोपी गेले, तोंड उघडं टाकून. दुपारी आत्याने एक रजई काढून त्यांच्यावर घातली.

पुढे राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या पुन्हा मोडल्या, पुन्हा जोडल्या, पण त्या एका शब्दाला कुणी हात लावला नाही. निवृत्त होईपर्यंत ते पेंटरच राहिले. गेले तेही अशाच एका थंडीत, झोपेत, कुणाला त्रास न देता. मृत्यूच्या दाखल्यासाठी मी आत्याला घेऊन नगरपालिकेत गेले. परक्या पुरुषासमोर आत्या जन्मात कधी बोलली नव्हती. कारकुनाने वर न बघता विचारलं, "काम क्या करते थे?" मी 'रिटायर्ड' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून आत्याचा आवाज आला, स्पष्ट, मराठीत: "पेंटर होते. मोटारी रंगवायचे. नीट लिहा."

त्याने लिहिलं. आत्याने पुढे होऊन पाहिलं, आणि मगच सहीसाठी पेन हातात घेतलं.