शंकरपटातलं माझं घड्याळ

माझ्याकडे सायकल होती आणि मतं मात्र मोटारींबद्दल होती. भंडाऱ्याच्या कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत गाड्यांचे निकाल लावायचे, हा माझा दिनक्रम. अँबेसेडर म्हणजे नुसतं वजन, फियाट म्हणजे चपळाई. नागपूरच्या रद्दीवाल्याकडून आणलेली परदेशी मोटारमासिकं मी जवळजवळ पाठ केली होती. तिकडच्या शर्यतीत सेकंदाचाही दहावा भाग मोजतात, हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. सवारी मिळाली नाही की रिक्षावाले बिचारे ऐकून घ्यायचे.

सत्तरच्या दशकात पेट्रोल एकदम महागलं, त्या हिवाळ्यात मी साकोलीकडे सासरी शंकरपटाला गेलो. धान घरात आलं की आमच्या भागात गावोगाव पट भरतो. हलक्या छकड्यांना जुंपलेल्या बैलजोड्या मोकळ्या बांधीत, म्हणजे धान कापलेल्या शेतात, धावतात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि जावयाचा मान सगळ्यांत मोठा असतो. सासऱ्यांच्या ओसरीवर मी पेट्रोलवर भाषण सुरू केलं. आता जड गाड्यांचे दिवस संपले, हलक्या गाडीलाच भविष्य आहे, वगैरे. मेहुण्यानं शांतपणे विचारलं, "जवाईबापू, तुमची सायकल लिटरमागं किती देते?"

सगळी ओसरी हसली. मला राग आला. राग आला की मी जास्तच शहाणपणा करतो, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "तुमच्या पटात पंच नुसत्या नजरेनं निकाल देतात. याला काय शर्यत म्हणतात?" आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं. एका क्रीडाशिक्षक मित्राकडून ते मी खास मिरवायलाच मागून आणलं होतं. पंचांना ते फारसं पटलं नव्हतं, पण जावयाला नाही कसं म्हणणार? शेवटच्या फेरीचा निकाल घड्याळावर लावायचं ठरलं.

त्या फेरीत एकोडीच्या मामांची जोडी होती. मामा म्हणजे माझ्या बायकोचे दूरचे मामा. वासरं असल्यापासून त्यांनी ते दोन्ही बैल घरात वाढवले होते. सकाळी मी जोडी पाहायला गेलो तेव्हा ते एकाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "लोक म्हणतेत का बैल थकले. मले तं तसं वाटत नाही. औंदा जिंकले तं मरेपर्यंत दावणीले ठेवतो. नाही तं इकून टाकतो, उगाच कायले पळवाचं?"

मी बैलांभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेट उघडून पाहिल्याच्या थाटात म्हणालो, "मामाजी, ही अँबेसेडर आहे. समोरची जोडी फियाट आहे. तीच जिंकणार." चार माणसं ऐकत होती. मामा नुसते हसले.

दुपारी शेवटच्या रेषेजवळ माझ्यासाठी खुर्ची मांडली. जोड्या एकामागून एक सोडायच्या होत्या. समोरची जोडी आधी धावली. तिची वेळ मी नीट घेतली. मग पलीकडच्या टोकाला मामांची जोडी उभी राहिली. नेमक्या त्याच वेळी मागच्या रस्त्यावरून एक मोटार आली. तिचं इंजिन अडखळत होतं. मी मान वळवली आणि मेहुण्याला म्हणालो, "एक प्लग गेलाय." तेवढ्यात आरडाओरडा झाला. वळून पाहतो तर झेंडी केव्हाच पडली होती आणि बैल निम्म्या वाटेवर आले होते.

मी घाईनं बटण दाबलं. जोडी रेषेवरून गेली, पुन्हा दाबलं. घड्याळात जी वेळ होती तिला काहीच अर्थ नव्हता. "झेंडी चुकली, फेरी पुन्हा घ्या," एवढंच म्हणायचं होतं. पण मेहुणा शेजारी उभा होता, आणि ओसरीवरचं ते हसू अजून माझ्या कानात होतं. मी मनानंच एक वेळ ठरवली आणि सांगितली. पहिल्या जोडीपेक्षा अर्धा सेकंद जास्त. कमी का नाही सांगितली? सकाळचं माझं मत खरं ठरायला हवं होतं म्हणून. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

लोक ओरडले, "एकोडीची जोडी जास्त जोरात पळाली!" मामांनीच त्यांना गप्प केलं. "घड्याळ कायले खोटं बोलन? अन् जवाई कायले बोलन?" त्या उन्हाळ्यात त्यांनी जोडी विकली. बायकोनं ही बातमी सांगितली तेव्हा मी जेवत होतो. तिलाही मी काही सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी जुनी फियाट घेतली. पेट्रोल तोवर आणखी महागलं होतं, म्हणून ती बहुतेक दारातच उभी असायची. पण एका रविवारी टाकी भरली आणि एकटाच एकोडीला गेलो. मामा म्हातारे झाले होते. गाडी पाहून हरखले. मी त्यांना शेजारी बसवून तलावाच्या पाळीपर्यंत नेलं. त्यांनी समोरच्या फळीवरून हात फिरवला, पटाच्या सकाळी बैलाच्या पाठीवरून फिरवला होता तसाच.

"चांगली पळते," ते म्हणाले. "तुमी तवाच सांगतलं होतं, फियाटच जिंकन."

मी गाडी थांबवली आणि सगळं सांगून टाकलं. मोटारीचा आवाज, पडलेली झेंडी, मनानं ठरवलेली वेळ. त्यांच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही, स्टिअरिंगकडे पाहतच बोललो.

त्यांनी फळीवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे थकले नव्हते?"

"नव्हते, मामाजी."

"जाताना एक मांगं वळून पाहत होता," ते म्हणाले. "मी त्याले म्हटलं, बापा, आता तुह्याच्यानं होत नाही."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कुणास ठाऊक. म्हणाले, "मी चालत जातो." उतरले आणि माझ्या गाडीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी दार हळूच लावलं.

त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. जावयाची अब्रू राखली. त्या हिवाळ्यात सासरी पट भरला, तेव्हा रेषेजवळ माझ्यासाठी पुन्हा खुर्ची मांडलेली होती, आणि मामा पंचांना सांगत होते, "जवाईबापूले बसू द्या."